भट्टीवरची सावड

अंबरनाथ पूर्वेला एके काळी एक कुजबुज पानसुपारीबरोबर चघळली जायची. बरण्यांच्या कारखान्याचे मॅनेजर श्यामकांत कर्णिक, बी.एस्सी., पायात बूट, डोक्यावर सोला हॅट, हे गृहस्थ म्हणे नवसू मेंगाळ नावाच्या आदिवासी ठाकराच्या पाया पडले. भट्टीच्या मागे, भर दुपारी. नुसता वाकून नमस्कार नव्हे, गुडघे टेकून, कपाळ पार जमिनीला.

मग ज्यानं त्यानं आपापली फोडणी दिली. खानावळवाल्या वेणूबाईचं म्हणणं, ठाकरानं साहेबाला भारलंय, भट्टीत काळं कोंबडं सोडलं होतं. ही बातमी वालधुनी नदी ओलांडून सिंधी निर्वासितांच्या कॅम्प पाचमध्ये पोहोचली तोवर कोंबड्याचा बोकड झाला होता. कल्याणात साहेबांच्या सासुरवाडीला कळली तेव्हा तर जावयाच्या दंडाला गंडा बांधून झाला होता आणि सासूबाईंनी तो पाहिलाही होता.

खरं काय ते मला ठाऊक आहे. पण ते आधी सांगितलं तर तुम्ही उठून जाल, म्हणून आधी नवसू ऐका.

नवसू बदलापूरच्या पलीकडचा, बारवी नदीच्या अंगच्या एका वाडीतला. पावसाळ्यात डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर भात नि नाचणी, आणि दिवाळी सरली की बायकोपोरांसह जंगलात ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्यांवर. लाकडं रचायची, वर पाला, वर माती, आणि आठ दिवस ती धुमसत ठेवायची. आत बघायची सोय नाही. धुराच्या रंगावरून ओळखायचं, आत लाकूड आहे, कोळसा आहे की राख. हे काम नवसू मिसरूड फुटायच्या आधीपासून करत होता. रंगानं स्वतःही कोळशाच्या जवळचाच. बोलणं इतकं कमी, की टाइमकीपर म्हणून मी त्याला पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा त्यानं तंबाखू मळून पूर्ण केली, मग सांगितलं.

तो कारखान्यात आला एक्कावन्न साली, भट्टीत कोळसा टाकायच्या कामावर. कामाबरोबर कारखान्याच्या मागच्या चाळीत एक खोली मिळाली. त्या खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. त्याची बायको चंद्री हिनं जन्मात कडीचं दार वापरलं नव्हतं. जंगलात झोपडीला कुडाची झाप, ती वाऱ्यानं उडायची. पहिल्या दिवशी बाईनं ती कडी वीसेक वेळा लावली आणि काढली. शेजारीण म्हणाली, “अगं, झिजेल ती.” चंद्री म्हणाली, “झिजूं दे. माजी हाय.”

आता कारखान्याकडे वळू. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्या व्हायच्या. पोटाला पिवळसर, खांद्याला तपकिरी, तुमच्या आजीच्या फडताळात असायच्या तशा. या बरण्यांना चकाकी येते मिठानं. भट्टी पुरती तापली की तिच्या चारी तोंडांतून भाईंदरचं जाडं मीठ फावड्यानं आत मारायचं. त्याची वाफ बरण्यांवर बसते आणि काचेसारखी होते. सगळी अक्कल एवढ्यातच, की मीठ कधी मारायचं. लवकर मारलं तर बरणी नारळाच्या करवंटीसारखी भुंडी राहते. उशीर झाला तर बरण्या मऊ होऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि त्या मिठ्या मग घणानंसुद्धा सुटत नाहीत. मधली नेमकी वेळ अर्ध्या तासाची असते, जास्त नाही.

आणि ही वेळ ठरवायला आमच्याकडे चिठ्ठी होती.

पूर्वी कधी एका मिस्त्रीनं आपल्या मर्जीनं मीठ मारून भट्टी घालवली होती. तेव्हा कारखान्याचे मालक, मुंबईचे शेठजी, यांनी हुकूम काढला, सह्यांशिवाय मीठ नाही. त्यामुळे व्हायचं असं. नवसू भट्टीच्या खालच्या भोकापाशी बसायचा. भट्टीला आत बघायला दोन भोकं होती. एक वरचं, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, लाल काच बसवलेलं. दुसरं खाली, घोट्याएवढ्या उंचीवर, विटेनं बुजवलेलं. त्यातून बघायचं तर गाल जमिनीला लावावा लागे. पँटला राख लागते म्हणून शिकलेला माणूस तिकडे फिरकत नसे. तर नवसू म्हणायचा, “आता.” मुकादम हरिचंद्र म्हात्रे, बोलायला खणखणीत आणि लिहायला जेमतेम, चिठ्ठीवर लिहायचा, ‘लवकर.’ सुपरवायझर गुरुदत्त बिजूर, ज्यांच्या खिशात दोन फाउंटन पेनं असत आणि एकाही पेनानं कधी हो किंवा नाही असं लिहिलं नाही, ते त्यावर लिहायचे, ‘लवकरच वेळ येण्याचा संभव.’ केमिस्ट चिंतामणी लिमये, नवा पोरगेला पदवीधर, नोकरीला घाबरणारा, लिहायचा, ‘वरील मताशी सर्वसाधारणपणे सहमत, साहेबांनी पाहावे.’ आणि कर्णिकसाहेब जेवायला गेलेले असायचे.

एरवी कशीबशी निभायची. नवसू हुशारीनं एक तास आधीच “आता” म्हणायला शिकला होता. पण त्रेपन्न सालच्या थंडीत ऑर्डर आली ती लोकूमलची.

लोकूमल कॅम्प पाचमधला. फाळणीत आला तेव्हा आईच्या हातचं लोणचं कसं घालायचं एवढंच घेऊन आला, आणि तेवढ्यावर त्यानं सहा वर्षांत बराकीच्या दोन खोल्यांतून अचाराचा धंदा उभा केला. त्याला चैत्राच्या आत आठशे मोठ्या बरण्या हव्या होत्या. पुढे कैरी येणार, ती कुणासाठी थांबत नाही.

पहिल्या भट्टीला चिठ्ठी निघाली तेव्हा साहेब कल्याणला मुंजीला गेले होते. चिठ्ठी सायकलवरून गेली, पंगत उठेपर्यंत थांबली, सही होऊन आली. दीड तास. भट्टी उघडली तर आत बरण्यांचं एकत्र कुटुंब.

कर्णिकसाहेब मनानं सरळ माणूस. म्हणाले, चिठ्ठी रद्द. यापुढे सगळ्यांनी भट्टीपाशी उभं राहायचं, सगळ्यांनी मत द्यायचं, लोकशाही आहे. झालं. दुसऱ्या भट्टीला सतरा माणसं जमली. मीही गेलो होतो, खोटं कशाला बोलू; माझा भट्टीशी संबंध हजेरीपुरता, पण मत मीही दिलं. वरच्या भोकाशी रांग लागली. जो तो लाल काचेतून बघून म्हणे, पिवळं आहे, कोणी म्हणे पांढरं. हात वर करून मोजणी झाली. मारा म्हणणारे बारा, थांबा म्हणणारे पाच. पाचांत नवसू होता, पण तो इतका मागे होता की त्याचा हात गुरुदत्तरावांच्या टोपीमागे गेला, तो कुणाचा ते कुणी पाहिलंच नाही. मीठ पडलं. उघडली तर वरच्या रांगा बऱ्या, आणि खालच्या अर्ध्या भट्टीत करवंट्या.

शेठजींचा निरोप आला. तिसरी भट्टी वाया गेली तर भट्टीला कुलूप.

आता गंमत बघा. “आता” हा एक शब्द खालून वर जायला दीड तास लागत होता. दोष मात्र वरून खाली पाच मिनिटांत उतरला. साहेबांनी गुरुदत्तरावांना झापलं, गुरुदत्तरावांनी हरिचंद्रला, हरिचंद्रनं नवसूला, आणि नवसूच्या खाली कुणी नव्हतं म्हणून तो तिथेच राहिला. त्याला सांगण्यात आलं, खोली रिकामी कर.

चंद्रीनं ऐकलं. ती म्हणाली, “पुन्हा झापेच्या घरात मी नाय जानार. तू जा. मी नि माजं दार हितंच ऱ्हाऊ.” आणि आत जाऊन कडी लावली. नवसू बाहेर.

तो तसाच, उभ्या पावली, कर्णिकसाहेबांच्या ऑफिसात आला. माझी खिडकी शेजारची, त्यामुळे मला ऐकावंच लागलं.

साहेब म्हणाले, “दोन्ही वेळेला तू तिथे होतास. आतलं तुला दिसत होतं. बोलला का नाहीस?”

“बोल्लो ना साहेब. पहिल्या खेपंला चिठ्ठीत बोल्लो, दुसऱ्या खेपंला गर्दीत.”

साहेबांनी टेबलावरच्या जुन्या चिठ्ठ्या बाजूला सारल्या. मग म्हणाले, “मग करायचं कसं? एकट्यानं ठरवलं तरी भट्टी जाते, सतरांनी ठरवलं तरी जाते.”

“आमच्याकडं सावड आसती,” नवसू म्हणाला.

सावड म्हणजे काय ते साहेबांना ठाऊक होतं, कल्याणचाच माणूस. लावणीला, कापणीला गावातली माणसं एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीनं राबतात. आज तुझं, उद्या माझं, मजुरी नाही. पण त्यातला कायदा साहेबांना माहीत नव्हता. तो नवसूनं सांगितला, आणि मी त्याला एका दमात इतकं बोलताना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

“ज्याचं शेत त्याची हाक. मंग त्यो ल्हान आसूं दे, दुबळा आसूं दे. पर हाक द्यायच्या आगूदर त्यानं समद्यांना इचारायचं, तुला काय दिसतंय. ज्याला जे दिसलं ते त्यानं सांगायचं, आपली चूक आसली तरी सांगायची. एकदा हाक दिली का गावचा पाटील आसला तरी गप ऱ्हायाचं. नि उद्या पाटलाच्या शेतावर यानं गप ऱ्हायाचं.”

“आणि चूक झाली तर?”

“ज्याचं शेत, भात त्याचंच जातं.”

साहेबांनी चष्मा पुसला. डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, “ठीक आहे. भट्टी तुझं शेत. माती आणि मीठ चिंतामणीचं, बरण्या रचणं हरिचंद्रचं, वेळ आणि नोंदी गुरुदत्तरावांच्या. आपापल्या शेतात ज्याची त्याची हाक. आणि गेली भट्टी तर तुझ्याबरोबर मीही जाईन.”

ही नेमणूक ऐकून गुरुदत्तरावांनी दोन्ही पेनं खिशातून काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, “आता ठाकर आम्हाला वेळ विचारणार तर.” हरिचंद्र हसत म्हणाला, “काय र नवश्या, उद्याशी तुना जोहार करू का?” नवसूनं तंबाखू मळली.

तिसरी भट्टी फाल्गुनात लागली. दोन दिवस आग चालली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वेळ जवळ आली. या खेपेला मी माझ्या खिडकीतूनच बघत-ऐकत होतो. नवसू खालच्या भोकाशी गाल टेकून होता. उठला, आणि एकेकाला विचारू लागला. पहिल्यांदा चिंतामणीला. नमुन्यासाठी मातीच्या कड्या भट्टीत ठेवलेल्या असत. त्यानं सळईनं एक ओढून काढली, पाण्यात बुडवली, फोडली. “पिकलीय,” तो म्हणाला. मग थांबला आणि पुढचं बोलला, जे त्यानं कुठल्याही चिठ्ठीत लिहिलं नसतं. “पण ही कडी पुढच्या बाजूची आहे. मागच्या बाजूचं मला सांगता येणार नाही.”

गुरुदत्तरावांना विचारलं. ते घुश्शातच होते, पण वही त्यांची चोख. “मागच्या दोन्ही भट्ट्यांपेक्षा कोळसा जास्त गेलाय आणि उष्णता चढायला वेळ जास्त लागलाय. का, ते माझ्या वहीत नाही.”

मग नवसूनं हरिचंद्रकडे पाहिलं. हरिचंद्र जरा वेळ पायानं राख उकरत राहिला.

“खोटा नाय बोलत,” तो म्हणाला. “मागच्या उजव्या कोपऱ्यान वीस बरन्या जास्ती घुसवल्यान मी. वाटला, मोडतोडीला होतील. तवरी जागा दाटली.”

तुम्हीच सांगा, चिठ्ठीच्या काळात हे वाक्य कुठल्या चिठ्ठीवर आलं असतं? सतरा माणसांच्या गर्दीत कुणी बोललं असतं? पण सावडीत दुसऱ्याच्या शेताचं भात आपल्या तोंडामुळे जाणार असेल तर गप्प बसणं हा गुन्हा असतो, आणि हरिचंद्र झाला तरी भातवाल्याच्याच पोटचा.

नवसू पुन्हा आडवा झाला. मग म्हणाला, “वरली बरनी दिसंना झाली. खालली आजून दिसते. थांबा.”

याचं मर्म असं, की भट्टी सगळीकडे सारखी तापली की आतलं काही दिसतच नाही. बरणी, विटा, सगळं एकाच रंगाचं होऊन जातं. बरणी दिसते आहे म्हणजे ती अजून मागे आहे. आम्ही सतरा शहाणे बरणी नीट दिसावी म्हणून डोळे ताणत होतो.

नवसूनं मागच्या उजव्या तोंडात कोळसा वाढवायला लावला आणि पुढची तोंडं मंद केली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आणि नेमक्या त्या वेळी फाटकाशी शेठजींची मोटार आली.

शेठजी उतरले ते सरळ भट्टीकडे. फावडी हातात घेऊन उभी माणसं, मिठाच्या पाट्या भरलेल्या, आणि सगळे भट्टीच्या कोपऱ्यामागे पालथ्या पडलेल्या एका उघड्या अंगाच्या माणसाच्या टाचांकडे बघतायत. ते म्हणाले, “काय चाललंय? मीठ का नाही मारत? मागच्या वेळी यापेक्षा आधी मारलं होतं.”

“मागच्या वेळी करवंट्या निघाल्या, शेठ,” कर्णिकसाहेब म्हणाले.

“मग आता मारा. मी सांगतो.”

भट्टीवर कुणी हललं नाही. फावडीवाल्यांनी शेठजींकडे पाहिलं, शेठजींकडून साहेबांकडे, साहेबांकडून नवसूकडे. नवसू तसाच पालथा. साहेबांच्या कपाळावर घाम होता, तो भट्टीचा की नोकरीचा हे त्यांचं त्यांना ठाऊक.

ते म्हणाले, “शेठ, आज भट्टी नवसूची आहे. हाक त्याची. तुम्ही आत बसा, मी चहा पाठवतो.”

मुंबईच्या शेठजींना असं कुणी कधी बोललं नव्हतं. ते इतके चकित झाले की खरोखरच आत जाऊन बसले. मग साहेब भट्टीच्या मागे नवसूकडे गेले. तिथे जे झालं ते माझ्या खिडकीतून मला दिसलं, अर्धवट, आणि पुढचा सगळा गावगोंधळ त्यावरूनच. ते शेवटी सांगतो म्हणालो ना.

आणखी वीसेक मिनिटांनी नवसू उठला. गालाला राख. त्यानं हात वर केला. या वेळी त्या हाताच्या आड कुणाची टोपी नव्हती.

“मारा,” तो म्हणाला.

चारी तोंडांतून एकदम मीठ गेलं. आतून तडतड असा आवाज आला, आणि धुराड्यातून पांढरा धूर निघून थेट चिखलोलीच्या टेकड्यांकडे गेला. गुरुदत्तरावांनी वेळ लिहिली. दोन्ही पेनं टेबलावर असल्यानं पेन्सिलीनं.

भट्टी निवायला तीन दिवस लागतात.  चंद्रीनं कडी काढली होती, पण नवसूला जेवण उंबऱ्याबाहेरच वाढत होती. म्हणायची, भट्टी उघडली का घर उघडंल.

चौथ्या दिवशी विटा काढल्या. लोकूमल कॅम्पातून टांगा करून आला होता. पहिली बरणी काढली ती मागच्या उजव्या कोपऱ्यातली, खालच्या रांगेची, मुद्दाम. हरिचंद्रनंच आत जाऊन आणली. ऊन पडलं तिच्यावर आणि ती अशी चमकली की तो क्षणभर तिला धरायचंच विसरला. नवसूनं खालून हात लावला म्हणून वाचली. लोकूमलनं बोटाच्या पेरानं वाजवली. देवळातल्या घंटेसारखी वाजली. त्यानं ती तोंडासमोर धरली, मिशी नीट केली आणि म्हणाला, “साईं, इस में तो शीशा देखने की जरूरत नहीं. अपुन की शादी फिर से बनवून टाका.”

आठशेवीस बरण्यांत अकरा खराब निघाल्या. असा आकडा त्या भट्टीनं आयुष्यात पाहिला नव्हता. हरिचंद्रच्या जास्तीच्या वीसही साफ होत्या, आणि त्या त्यानं पुढे जन्मभर सगळ्यांना ऐकवल्या. शेठजींनी बरणी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “तो माणूस कुठाय?” नवसू घरी गेला होता. दार उघडलं की नाही ते बघायला.

उघडलं होतं.

त्यानंतर कारखान्यात चिठ्ठी कुणी पाहिली नाही. कर्णिकसाहेबांनी सावड सगळ्या खात्यांना लावली. गाड्या भरायच्या तर हरिचंद्रची हाक, आणि तिथे साहेबांनी तोंड घातलं तर हरिचंद्र नुसता बघायचा, साहेब गप्प. गुरुदत्तरावांनी तर पुढे वहीत एक नवा रकाना आखला, ‘कोणाला काय दिसले’. त्यात ते हो किंवा नाही असं स्पष्ट लिहायला लागले. घरीही लिहायला लागले असते तर त्यांच्या मुलीचं लग्न दोन वर्षं लवकर झालं असतं, पण ती निराळी गोष्ट. चिंतामणी धीट झाला, बोलू लागला, आणि एकदा बोलायला लागला तो थांबेना. नवसू भट्टीचा मिस्त्री झाला. पुढे मोठमोठ्या कारखान्यांचे इंजिनिअर त्याला भेटायला येत आणि विचारत, तुमचं तंत्र काय? तो म्हणे, “इचारायचं. मंग सांगायचं. मंग गप.” ते लिहून घेत.

चंद्री मात्र त्याला सोडत नसे. चार माणसांत म्हणायची, “कारखान्यात समद्यांना इचारतो म्हनं. घरात मला कंदी इचारलंस?”

नवसू म्हणायचा, “घर तुजं शेत. तितं मी गप.” आणि खरोखरच गप्प बसायचा.

ती पाया पडण्याची बातमी कुणी पसरवली, असं मला पुष्कळांनी विचारलं. मीच. वेणूबाईच्या खानावळीत, त्याच संध्याकाळी, एका भज्याच्या बशीवर. माझ्या खिडकीतून भट्टीचा कोपरा आड येत होता. मला साहेबांची पाठ दिसली, बूट दिसले आणि शेजारी उभ्या नवसूचे पाय. जेवढं दिसलं तेवढंच मी सांगितलं.

त्या दुपारी कर्णिकसाहेब नवसूच्या पाया पडले नव्हते. खालच्या भोकातून खालची बरणी बघायला ते गुडघ्यांवर वाकले होते. कारखान्यात येऊन त्यांना तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या भोकातून त्यांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.